सूर्याची दुरुस्ती

घड्याळजींच्या घरात अकरा घड्याळं होती आणि दुपारी बाराला ती सगळी एकदम वाजत. एकदम म्हणजे अगदी एकदम. नवखा पाहुणा असला तर दचकून बशीत चहा सांडायचा, आणि घड्याळजी ही मजा बघायला मुद्दाम लोकांना पावणेबाराला बोलावतात, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. पंचेचाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं होतं, पण सवय कुठे जाते? सकाळी उठायचं, रेडिओच्या ठोक्यांशी लंबकाचं मोठं घड्याळ ताडून बघायचं, मग त्यावरून बाकीची दहा लावायची. एखादं अर्ध्या मिनिटानं मागे पडलेलं दिसलं तर या माणसाला जेवण गोड लागत नसे.

बायकोची तऱ्हा वेगळी. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि दिवसातून शंभरदा “काच जपा” म्हणून म्हणून मुलांकडून काचबाई हे नाव कमावलं. प्रयोग करून दाखवायचे ते शिक्षकांनी. हिनं आधी मांडून द्यायचं आणि नंतर आवरायचं. मग स्वतःची हौस भागवायची कुठे, तर घरी. मिठाचे स्फटिक वाढवायला तिनं घड्याळजींची भिंगाची डबी पळवली. चहाच्या गाळणीत शेवाळ वाढवलं. एकदा घड्याळजींनी स्प्रिंगांच्या खणात हात घातला तर हाताला ओलं ओलं काहीतरी लागलं. ती गोगलगाय होती. अंधारात ती किती चालते ते बघायचं होतं म्हणे. घड्याळजींनी ती उचलून कुंडीत ठेवली, हात धुतले आणि कामाला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या या उद्योगांना कधी नावं ठेवली नाहीत, पण त्यांतल्या एकाबद्दलही कधी काही विचारलं नाही. बायकोचे खेळ, एवढंच त्यांचं मत.

काचबाईचाही एक हट्ट होता. प्रयोगातून काय निघणार ते ती आधी कधी सांगत नसे. आधी सांगितलं की डोळे तेवढंच बघतात, बाकीचं बघत नाहीत, असं तिचं तत्त्व. तत्त्व चांगलंच होतं, पण चांगल्या तत्त्वानंही कधी कधी घर बुडतं, आणि या गोष्टीत ते बुडता बुडता राहिलं.

तर तिचा एक प्रयोग चाळीस वर्षं राहून गेला होता. नोकरीला लागली त्या वर्षी प्रयोगशाळेच्या शटरला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडायचा. शाळेची बाराची घंटा झाली की ती सहज त्याच्याकडे बघायची. भिंतीत एक खिळा होता. कधी बाराच्या घंटेला कवडसा खिळ्याच्या डावीकडे असायचा, तर तीन-चार महिन्यांनी बघावं तर उजवीकडे. तिनं शिक्षकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, आपला शिपाई डुलक्या घेतो, घंटा मागेपुढे होते. शिपाई डुलक्या घेणारा नव्हता. तिनं आठवडाभर स्वतःच्या घड्याळावर घंटा ताडून बघितली होती, आणि ते घड्याळ कुणी लावलेलं होतं ते सांगायला नको. पण विशीतल्या मदतनिसाचं कोण ऐकतो? ती गप्प बसली आणि तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं, की एक अख्खं वर्ष, रोज ठीक बाराला, कवडशाची खूण करायची आणि सूर्य नेमकं काय करतो ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. पुढे पुस्तकांतून तिला कारण कळलं, पण वाचलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं.

तीनदा सुरुवात केली, तीनदा पाणी पडलं. पहिल्यांदा घर बदलावं लागलं. दुसऱ्यांदा जमिनीवर मारलेल्या ठिपक्यांभोवती चार वर्षांच्या लेकीनं रंगीत खडूनं फुलं काढली. तिसऱ्यांदा घरमालकानं न विचारता छताला रंग दिला. आता स्वतःचं घर होतं, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती आणि चौथ्या खेपेची सुरुवात चार फेब्रुवारीला झाली होती. पाचवी खेप नव्हती. समोरच्या मोकळ्या जागेत इमारत वर चढायला लागली होती आणि हे वर्ष पुरं झालं की त्यापुढच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन या खिडकीत येणार नव्हतं, हे काचबाईनं मुकादमाकडून आधीच काढून घेतलं होतं.

मांडणी साधी होती. खिडकीच्या कठड्यावर नखाएवढा आरसा, आडवा. त्यावर पडलेलं ऊन उलटून छतावर कवडसा पडायचा. उन्हाळ्यात सूर्य वर असला की कवडसा खिडकीजवळ, हिवाळ्यात सूर्य उतरला की खोलीच्या आत आत. काचबाई काठीच्या टोकाला पेन्सिल बांधून रोज बाराच्या ठोक्याला छतावर ठिपका मारायची. आरशाखालची पितळी बैठक मात्र घड्याळजींनी केली होती, आणि काय केली होती! आरसा डावीउजवीकडे कलता करायला एक बारीक आट्यांचा स्क्रू, आणि त्या स्क्रूच्या डोक्यावर बायकांच्या जुन्या मनगटी घड्याळाची तबकडी. एका फेऱ्याची साठ घरं. पहिल्या दिवशी आरसा नीट बसवायला तो स्क्रू लागला, नंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. बैठक करताना घड्याळजींनी हे सगळं कशासाठी चाललंय असं विचारलं नाही. बैठक हलणार नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगितलं.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला काचबाईला लेकीच्या बाळंतपणासाठी जावं लागलं. जावई परगावी नोकरीला, लेक एकटी. जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. बॅग भरून झाल्यावर ती नवऱ्याला खिडकीपाशी घेऊन गेली आणि तिनं तीन गोष्टी बजावल्या. बाराच्या पहिल्या ठोक्याला कवडशाच्या मध्यावर ठिपका. जुन्या ठिपक्यांवर लावलेले कागद काढायचे नाहीत, कारण मागचे ठिपके दिसले की हात आपोआप तिकडे जातो. आणि आरशाला हात लावायचा नाही. घड्याळजी म्हणाले, पंचेचाळीस वर्षं लोकांनी माझ्यावर वेळ सोपवली, तू एक ठिपका सोपवतेस त्याची एवढी काळजी? काचबाईनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती रिक्षात बसली.

पहिले आठ-दहा दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. जाण्याच्या गडबडीत काचबाईचे शेवटचे पंधरा-वीस ठिपके झाकायचे राहून गेले होते. ते एका रेषेत होते, खिडकीकडून सरळ आत चाललेले, आणि घड्याळजींचे ठिपकेही त्याच रेषेत एकामागून एक बसत गेले. त्यांना वाटलं, हे असं आहे तर. सूर्य उतरतोय तसा कवडसा सरळ आत जातोय. रोज बारा म्हणजे रोज बारा. यात काय मोठंसं बघायचं होतं हिला, कोण जाणे. पण काम नेटकं होतं आणि नेटकं काम त्यांना आवडायचं.

मग एक दिवस बाराचे ठोके पडले आणि कवडसा रेषेवर नव्हता. जरासा अलीकडे होता. घड्याळजी काठी धरून तसेच उभे राहिले, नजर मोठ्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. कवडसा सरकत सरकत रेषेवर आला तेव्हा बारा वाजून बारा सेकंद झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी चौदांची भर. त्यांनी रेडिओशी घड्याळ पुन्हा ताडलं. घड्याळ बरोबर होतं. आता तुम्हीच सांगा, घड्याळ बरोबर, डोळे बरोबर, तर चूक कुणाची? बैठकीची. छातीठोकपणे सांगितलेल्या बैठकीची. स्क्रू कुठेतरी ढिला पडत होता आणि आरसा रोज केसाएवढा कलत होता. सूर्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सूर्यावर संशय कोण घेतं?

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. बायकोनं चाळीस वर्षांत एकच काम सांगितलं, त्यासाठी एकच वस्तू करून मागितली, आणि ती वस्तू घसरायला लागली. फोनवर सांगावं असं एकदा मनात आलं. पण तिकडे लेकीचे दिवस भरत आलेले, त्यात हे कशाला? खरं सांगायचं तर लेकीचं निमित्त होतं. आपली बैठक घसरते हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायला जीभ रेटत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मागे पडणारं घड्याळ हातात आलं तर घड्याळजी काय करतो? ते तसंच टेबलावर ठेवून देतो का?

त्यांनी चिमटा उचलला आणि तबकडीचा स्क्रू पाच घरं फिरवला. कवडसा आज्ञाधारकपणे रेषेवर आला.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. बाराला बघायचं, कवडसा किती सेकंद उशिरा रेषेवर येतो ते मोजायचं, तेवढा स्क्रू फिरवायचा आणि रेषेवर ठिपका मारायचा. दुकानाची शिस्त अशी, की हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळाची नोंद वहीत करायची: तारीख, किती मागे किंवा किती पुढे, काय दुरुस्ती केली. त्यामुळे न ठरवताच एक जुनी वही उघडली गेली आणि तिच्यात तीन रकाने पडले. डिसेंबर लागला तसा आजार बळावला. वीस सेकंद, चोवीस सेकंद, सत्तावीस. ढगांमुळे एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. डिसेंबरच्या बावीस तारखेला तब्बल तीस. घड्याळजींनी आट्यांना मेण लावून बघितलं, बैठकीवर पितळेचं वजन ठेवून बघितलं, रात्रभर खिडकी घट्ट बंद ठेवली. काही उपयोग नाही. इतकं हट्टी यंत्र त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि ते त्यांच्याच हातचं होतं.

त्या बावीस तारखेनंतर मात्र एक गंमत झाली. आत आत चाललेला कवडसा थबकला आणि परत खिडकीकडे यायला लागला, आणि रोजच्या दुरुस्तीमुळे आला तो त्याच रेषेवरून. जाण्याची आणि येण्याची वाट एकच. नवे ठिपके जुन्या ठिपक्यांना खेटून बसायला लागले. घड्याळजी काठी टेकवून मान वर करून बघत राहायचे. केसाचाही फरक नव्हता. बायको बघेल तेव्हा काय म्हणेल याची ते मनातल्या मनात उजळणी करायचे. तोवर लेकीला मुलगी झाली, बारशा-बिरशाचं बोलणं झालं, आणि काचबाईच्या प्रत्येक फोनचा शेवट एकाच प्रश्नानं व्हायचा, ठिपका मारला का? मारला, असं घड्याळजी सांगायचे, आणि तेवढं तरी खरं होतं.

अठ्ठावीस जानेवारीला दुपारी काचबाई घरी आली. चपला न काढता थेट खिडकीपाशी गेली आणि तिनं मान वर केली. घड्याळजी मागे हात बांधून उभे राहिले. अकरा घड्याळं टिकटिकत होती. मग यांनीच सुरुवात केली, की बघ, एका रेषेत आहेत, जाताना आणि येताना.

“आरशाला हात लावला होतात?” तिनं मान खाली न करता विचारलं.

आणि इथे या शहाण्या माणसानं माती खाल्ली. बैठक घसरली हे सांगायची लाज, हात लावू नका म्हटलं असताना लावला त्याची लाज, आणि कौतुकाची वाट बघत असताना असा प्रश्न आला त्याचा राग. या सगळ्याचं मिळून तोंडातून जे बाहेर पडलं ते एवढंच, की नाही.

काचबाई खुर्चीवर बसली. तिचा चेहरा असा घड्याळजींनी एकदाच बघितला होता, घरमालकानं छत रंगवलं त्या दिवशी.

“म्हणजे तुम्ही बघितलंच नाहीत,” ती म्हणाली. “एकाच दिवशी सगळे ठिपके मारलेत. पट्टी लावून.”

यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ते काही बोलणार तोवर ती उठली, काठी घेतली आणि छतावरचे कागद एकेक करून ओढायला लागली. आजवर या घरात त्या कागदांच्या मागे काय आहे ते घड्याळजींनी बघितलं नव्हतं. आता ते बघत राहिले. फेब्रुवारीपासूनचे ठिपके सरळ रेषेत नव्हतेच. ते एका बाजूनं निघून खिडकीकडे वळत गेले होते, खिडकीजवळ त्यांनी एक छोटा फास घातला होता, स्वतःचीच वाट ओलांडली होती आणि दुसऱ्या बाजूनं फुगत पुन्हा आत आले होते. चाराच्या आकड्यासारखी आकृती होती, फास खिडकीकडे आणि दोन हात आत पसरलेले. एक हात पहिल्या ठिपक्यापाशी सुरू होत होता. दुसरा हात नोव्हेंबरपर्यंत छान बाकदार आला होता, आणि पुढे त्याला घड्याळजींचे ठिपके जोडलेले होते, झाडाला खराटा बांधावा तसे सरळसोट.

काचबाई बोलली ती कागदांकडे बघून. सूर्य रोज घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. पृथ्वी कललेली आहे आणि तिची वाट अगदी गोल नाही, त्यामुळे वर्षात कधी तो पाव तास आधी येतो, कधी पाव तास उशिरा. घड्याळ सांगतं ती त्याची सरासरी. हे दोन हात हिवाळ्यात वळून एकमेकांना मिळायला हवे होते. चार फेब्रुवारीचा ठिपका वर्षापूर्वीच्या चार फेब्रुवारीच्या ठिपक्यावर बसायला हवा होता. एवढंच बघायचं होतं तिला. पुढच्या हिवाळ्यात समोरची इमारत उभी असेल.

घड्याळजींनी आरशाखालच्या बैठकीकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षं ज्याच्यावरून जग वेळ लावतं असं ते समजत होते, तो सूर्यच अर्धं वर्ष मागेपुढे धावत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. बैठक घसरली नव्हती. त्यांची बैठक तसूभरही हलली नव्हती! क्षणभर त्यांना त्याचा आनंदसुद्धा झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. बायको समजत होती की त्यांनी आळस केला. खरं होतं ते त्याहून वाईट होतं की बरं होतं, हे त्यांना ठरवता येईना, आणि संध्याकाळपर्यंत घरात फक्त घड्याळं बोलली.

सकाळी काचबाई चहाला बसली तेव्हा तिच्या कपाशेजारी एक जुनी वही होती. घड्याळजी समोर बसले नव्हते, दाराशी उभे होते, दुकानात एखाद्याचं घड्याळ हातून पडलं की गिऱ्हाईकासमोर उभे राहायचे तसे.

“मी हात लावला होता,” ते म्हणाले. “रोज. मला वाटलं, माझी बैठक घसरतेय. तुला सांगायला तोंड नव्हतं.”

काचबाईनं वही उघडली. तारीख. किती मागे. काय दुरुस्ती केली. पान उलटलं, दुसरं उलटलं. सोळा नोव्हेंबरपासून काल दुपारपर्यंत. जिथे ढग होते तिथे ‘ढग’. तिनं चहा बाजूला सारला.

“तुम्ही सूर्य दुरुस्त करत बसलात,” ती म्हणाली. घड्याळजींनी मान खाली घातली. पेन्सिलीचा आवाज आला म्हणून त्यांनी वर बघितलं, तर ती कागदाच्या चिटोऱ्यावर बेरीज करत होती. बारा अधिक चौदा अधिक चौदा. बराच वेळ पेन्सिल चालली. मग तिनं तोच हिशेब उलट्या बाजूनं करून बघितला आणि चष्मा काढला.

“एकोणतीस मिनिटं,” ती म्हणाली. “अहो, पुस्तकाप्रमाणे एकोणतीसच यायला हवीत.”

त्यांना कळलं नाही. मग तिनं समजावलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घड्याळजींनी मध्ये मध्ये थांबवून विचारलं. स्क्रूनं आरसा फक्त डावीउजवीकडे कलत होता ना? होय. म्हणजे ठिपके खिडकीपासून जितक्या अंतरावर पडले ते अंतर खरंच होतं? खरं. आणि बाजूला किती सरकायला हवे होते ते? ते तर सगळं वहीत होतं. त्यांनी रोज जे पुसून टाकलं होतं ते रोज लिहूनही ठेवलं होतं. पहिल्या दिवशी बारा सेकंद, दुसऱ्या दिवशी आधीचे धरून सव्वीस, तिसऱ्या दिवशी चाळीस. बेरीज करत जायची आणि ठिपका तेवढा बाजूला न्यायचा. वहीत एकाही दिवशी हात आखडला असता, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

“हे असं कुणी लिहून ठेवतं?” तिनं विचारलं.

दुकानाची सवय, असं ते पुटपुटले.

त्या दिवशी बाराला दोघांनी खूण न करता फक्त कवडसा बघितला. एका मिनिटात तो छतावर बोटभर सरकत होता. मग टेबल ओढलं, टेबलावर काचबाई चढली, खाली घड्याळजी टेबल धरून वहीतले आकडे वाचायला लागले. तेही कसे वाचले! बँकेतल्या कारकुनालाही लाज वाटावी इतके सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा. काचबाईनं निळ्या पेन्सिलीनं एकेक ठिपका रेषेपासून बाजूला काढला. आधी रेषेला लागून, मग दोन बोटं, चार बोटं, वीतभर. खराटा वाकायला लागला. डिसेंबरच्या शेवटाला तो पार आडवा झाला, मग वळला आणि दुसऱ्या हाताच्या दिशेनं निघाला.

पण निळ्या पेन्सिलीचे ठिपके म्हणजे कागदावरचा हिशेब. खरं-खोटं ठरणार होतं ते चार फेब्रुवारीला, खऱ्या कवडशावर. त्यासाठी आरसा होता तसा व्हायला हवा होता. वहीतल्या तिसऱ्या रकान्याची बेरीज झाली तीनशे दहा घरं. म्हणजे पाच फेरे आणि वर दहा. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि तीनशे दहा घरं उलटी मोजत स्क्रू मागे फिरवला. तेवढा वेळ काचबाई स्वयंपाकघरात जाऊन बसली, तिला बघवेना. फिरवून झाल्यावर त्यांनी बैठकीवर काचेचा पेला पालथा घातला आणि स्वतःच्या कानाला खडा लावला.

पुढचे सहा दिवस घरातलं बोलणं कामापुरतं होतं. राग असा एका वहीनं जात नसतो. काचबाईनं एवढंच म्हटलं, की हात लावला त्याचा राग नाही, नाही म्हणालात त्याचा आहे. घड्याळजींनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. नंतर, भांडी विसळताना, तीही म्हणाली की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सगळंच गुपित ठेवायला ते काय परीक्षेला बसले होते? मग घड्याळजींनी विचारलं की त्या गोगलगाईचं पुढे काय झालं. काचबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि अर्धा तास सांगितलं. रोज ठिपके पडत होते, निळ्या वाटेच्या शेवटापासून पुढे, पहिल्या ठिपक्याकडे सरकत. पाहिजे तिकडेच जात होते, पण अगदी तिथेच पोचतील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

चार तारखेला सकाळी ढग होते. साडेअकराला घड्याळजी चौथ्यांदा खिडकीतून डोकावले. समोरच्या इमारतीचे गज वर आलेले दिसत होते, त्यांच्यामागे आभाळ पांढरं होतं. पावणेबाराला त्यात फट पडली. बाराला पाच मिनिटं असताना छतावर कवडसा उमटला, फिकट, मग ठळक. पहिल्या ठिपक्यापासून चारेक बोटांवर होता आणि त्याच्याकडे निघाला होता. काचबाईनं काठी घड्याळजींच्या हातात दिली.

“तुम्ही मारा,” ती म्हणाली.

एक मिनिट उरलं. अर्धं उरलं. कवडसा सरकत होता आणि ठिपका तिथेच होता, वर्षभर जुना, पेन्सिलीचा. मग अकराही घड्याळं एकदम वाजली आणि घड्याळजींनी बघितलं. कवडशाच्या कडेनं ठिपक्याला जेमतेम झाकलं होतं. मध्यावर नव्हता. गव्हाच्या दाण्याएवढा फरक होता. तीनशे दहा घरांत कुठेतरी एखादं घर हुकलं असेल, आटी जरा दबली असेल. अर्ध्या घराचं काम होतं. काठी उजव्या हातात होती, आणि त्यांचा डावा हात आपोआप खिडकीकडे गेला, पेल्यापर्यंत पोचला. काचबाईनं तो हात बघितला, पण अडवला नाही. घड्याळजींनी हात मागे घेतला. कवडशाच्या मध्यावर, जिथे तो होता तिथे, त्यांनी ठिपका मारला.

मग दोघं मान वर करून बघत राहिले. छोटा फास खिडकीकडे, मोठा फास खोलीत, आणि दोन ठिपके अगदी शेजारी शेजारी, गव्हाएवढी जागा सोडून. काचबाईचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. शिपाई डुलक्या घेत नव्हता, असं ती म्हणाली. कोणता शिपाई, असं घड्याळजींनी विचारलं, आणि तिनं त्यांना खिळ्याची आणि घंटेची सगळी गोष्ट सांगितली. तुझं घड्याळ तेव्हाही बरोबर होतं, ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर त्यांनी वही काढली आणि शेवटची ओळ भरली. तारीख लिहिली. किती मागे, तिथे लिहिलं, गव्हाचा दाणा. तिसऱ्या रकान्यात पेन जरा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, दुरुस्ती केली नाही.